नियम कोणाचा, नजर कोणाची? कॅलिफोर्नियाची विद्यापीठे, भूकंप आणि बांधकाम तपासणारा तिसरा डोळा

१/
१८ एप्रिल १९०६. पहाटेचे ५ वाजून १२ मिनिटे. कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास भ्रंशरेषा सुमारे पावणेपाचशे किलोमीटर लांबीपर्यंत फाटली. सॅन फ्रान्सिस्को त्या दिवशी कोसळले आणि नंतर जळाले, हे सर्वज्ञात आहे. परंतु त्या शहराच्या दक्षिणेस असलेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातही त्या पहाटे एक विलक्षण दृश्य निर्माण झाले. नव्याकोऱ्या ग्रंथालयाच्या भिंती ढासळून दगडविटांचा ढिगारा झाला होता आणि त्या ढिगाऱ्यातून वर आलेल्या पोलादी सांगाड्यावर ग्रंथालयाचा घुमट तेवढा उभा होता.

२/
ते ग्रंथालय अजून वापरातही आले नव्हते. शेजारची भव्य व्यायामशाळाही तशीच नवी होती आणि तीही कोसळली. जुन्या इमारती मात्र बऱ्याच अंशी टिकल्या. नवे पडले आणि जुने राहिले, असे का झाले? या प्रश्नाच्या मुळाशी आणखी एक प्रश्न आहे: विद्यापीठ स्वतःच मालक आणि स्वतःच बांधणारे असेल, तर त्याचे बांधकाम नियमाप्रमाणे आहे की नाही हे तपासायचे कोणी? या थ्रेडमध्ये त्या प्रश्नाचा शंभर वर्षांचा प्रवास.

३/
प्रथम पार्श्वभूमी. रेल्वेसम्राट लीलँड स्टॅनफर्ड आणि त्यांच्या पत्नी जेन यांचा एकुलता एक मुलगा १८८४ मध्ये फ्लॉरेन्स येथे विषमज्वराने गेला. त्याचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते. त्याच्या स्मरणार्थ उभे राहिलेले हे विद्यापीठ १ ऑक्टोबर १८९१ रोजी सुरू झाले. पिवळसर वालुकाश्म, लाल कौले, कमानींच्या ओवऱ्या आणि मध्ये मोठा चौक अशी त्याची रचना होती. हा आतला चौक बहुतांशी एकमजली, बुटका आणि भरभक्कम होता.

४/
१८९३ मध्ये लीलँड स्टॅनफर्ड वारले. मालमत्ता कोर्टकज्ज्यात अडकली आणि विद्यापीठ कसेबसे तग धरून राहिले. कज्जा सुटल्यावर जेनबाईंनी पतीचे स्वप्न पुरे करण्याचा ध्यास घेतला. बाहेरचा चौक, स्मारक-कमान, चर्च, ग्रंथालय, व्यायामशाळा अशा इमारती एकापाठोपाठ एक उठू लागल्या. विद्यापीठाच्या इतिहासात या काळाला ‘पाषाणयुग’ असे थट्टेचे नाव पडले. इमारती उंच होत्या, देखण्या होत्या आणि झपाट्याने बांधल्या जात होत्या. १९०५ मध्ये जेनबाईंचे निधन झाले. पुढच्याच वर्षी जे घडले, ते पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

५/
पडझडीची कारणे दूरची नव्हती. नव्या इमारतींत बाहेरून दगड आणि आत विटा होत्या, परंतु दोहोंना एकमेकांत नीट गुंफलेले नव्हते. भिंती, तुळया आणि छप्पर यांची पक्की बांधणी नव्हती. भूकंपात प्रत्येक भाग आपापल्या लयीत हलला. ग्रंथालयाचा पोलादी सांगाडा लवचिक असल्यामुळे डोलला आणि भोवतीच्या ताठर भिंतींवर आदळला. चर्चचा मनोरा छतातून आत कोसळला. स्मारक-कमानीचा माथा खाली आला.

६/
याच आवारात याच्या उलट उदाहरणही उभे होते. विद्यापीठाच्या संग्रहालयाचा मधला भाग अर्नेस्ट रॅन्सम या अभियंत्याच्या पद्धतीने बांधलेला होता. पीळ दिलेल्या लोखंडी सळ्या घातलेले काँक्रीट, म्हणजे आजच्या ‘आरसीसी’चे पूर्वरूप, त्यात वापरले होते. तो भाग टिकला. त्याच संग्रहालयाला नंतर जोडलेले विटांचे भाग मात्र कोसळले. जमीन एकच आणि हादराही एकच होता. फरक होता तो बांधणीचा. तंत्र माहीत होते. ते वापरलेच पाहिजे, असा आग्रह धरणारे कोणी नव्हते.

७/
आवारात दोघांचा मृत्यू झाला. एक विद्यार्थी वसतिगृहात धुराड्याचे दगड कोसळून गेला, एक कामगार वीजघरात. आकडा लहान राहिला, कारण वेळ पहाटेची होती. वर्गखोल्या, ग्रंथालय आणि चर्च रिकामे होते. प्राणिशास्त्राच्या इमारतीवरील लुई अगासी या शास्त्रज्ञाचा संगमरवरी पुतळा डोक्यावर पडून फरसबंदीत रुतला आणि त्याचे छायाचित्र जगभर गाजले. लोक त्या चित्राला हसले. पण सकाळचे दहा वाजले असते तर त्या फरसबंदीवर विद्यार्थी असते.

८/
भूकंपानंतर राज्याने चौकशी आयोग नेमला. बर्कलेचे भूशास्त्रज्ञ अँड्र्यू लॉसन त्याचे अध्यक्ष, तर स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन कॅस्पर ब्रॅनर हे सदस्यांपैकी एक. १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल भूकंपशास्त्राचा पाया मानला जातो. परंतु ब्रॅनर यांनी पुढे खेदाने नोंदवले की व्यापारी मंडळींना भूकंपाची चर्चाच नको होती. भूकंपाचे नाव निघाले तर गुंतवणूक आटेल, ही भीती. म्हणून दोष आगीच्या माथी मारणे सोयीचे ठरले.

९/
याचे प्रतिबिंब नियमांतही पडले. भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या बांधकाम नियमांत इमारतींनी प्रति चौरस फूट ३० पौंड इतका वाऱ्याचा आडवा दाब सोसावा अशी अट आली. वाऱ्याला तोंड देणारी इमारत भूकंपालाही काही प्रमाणात तोंड देईल, असा हिशेब होता. मात्र नियमात नाव होते ते वाऱ्याचे. पुढच्या काही वर्षांत ती अटही सैल करण्यात आली. ज्या संकटाचे नाव घ्यायचीही चोरी, त्याच्यासाठी निरीक्षक कोण नेमणार?

१०/
१९२५ मध्ये सांता बार्बरा शहर हादरले आणि विषय पुन्हा पृष्ठभागावर आला. १९२७ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील बांधकाम अधिकाऱ्यांच्या संघटनेने ‘युनिफॉर्म बिल्डिंग कोड’ची पहिली आवृत्ती काढली. तीत भूकंपाविषयीच्या तरतुदी होत्या, पण परिशिष्टात. ज्या गावाला हव्या असतील त्याने त्या स्वीकाराव्यात, अशी ती मुभा होती. नियमाला शब्द मिळाले होते, दात मिळायचे होते.

११/
ते दात १९३३ मध्ये आले. १० मार्चला संध्याकाळी ५ वाजून ५४ मिनिटांनी लाँग बीच येथे ६.४ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १२० माणसे मृत्युमुखी पडली. लोकांच्या काळजाचा ठोका चुकवणारी गोष्ट मात्र वेगळीच होती. त्या परिसरातल्या ७० शाळा जमीनदोस्त झाल्या आणि आणखी १२० शाळांची मोठी हानी झाली. शाळा सुटून दोन-तीन तासच झाले होते. वर्ग भरलेले असताना हा हादरा बसता तर काय झाले असते, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

१२/
बरोबर एका महिन्याने, १० एप्रिल १९३३ रोजी, कॅलिफोर्नियात ‘फील्ड कायदा’ अमलात आला. विधानसभेचे सदस्य चार्ल्स फील्ड यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्याच वर्षी ‘रायली कायदा’ही झाला. त्याने राज्यातील शहरांना आणि काउंट्यांना बांधकाम खाते उघडणे आणि नव्या बांधकामांची तपासणी करणे बंधनकारक केले. राज्यव्यापी बांधकाम तपासणीची खरी सुरुवात इथे झाली.

१३/
फील्ड कायद्याचे मर्म त्याच्या गणितापेक्षा त्याच्या अंमलबजावणीत होते. त्यात चार गोष्टी होत्या.
• शाळेचा आराखडा परवानाधारक वास्तुविशारदाने किंवा संरचना अभियंत्यानेच करावा.
• तो राज्याच्या वास्तुविभागाने स्वतंत्रपणे तपासून मंजूर करावा.
• काम चालू असताना निरीक्षकाने सतत जागेवर हजर राहावे.
• अभियंता, निरीक्षक आणि कंत्राटदार या सर्वांनी काम मंजूर आराखड्याप्रमाणे झाल्याचे शपथेवर लिहून द्यावे.

१४/
चौथी अट सर्वांत महत्त्वाची. आराखड्यात सळ्या असतात, पण काँक्रीट ओतल्यानंतर त्या खरोखर आत आहेत की नाहीत हे दिसत नाही. बांधकामातील लबाडी आणि हलगर्जी दोन्ही अशा झाकल्या जाणाऱ्या जागी लपतात. म्हणून काँक्रीट ओतण्याच्या आधी पाहणारा माणूस हवा आणि पाहिले ते खरे सांगण्याचे दायित्व त्याच्या नावावर हवे. फील्ड कायद्याने नियमाला एक चेहरा दिला. नंतर काही बिघडले तर बोट कोणाकडे दाखवायचे, हे आधीच ठरले.

१५/
परिणाम दिसायला वेळ लागला नाही. १९५२ मध्ये कर्न काउंटीत मोठा भूकंप झाला, तेव्हा एकाच परिसरात दोन्ही प्रकारच्या शाळा होत्या: १९३३ पूर्वीच्या आणि नंतरच्या. जुन्या शाळांची दुर्दशा झाली, फील्ड कायद्याखालील शाळा बहुतांशी सुखरूप राहिल्या. जणू निसर्गानेच तुलनात्मक प्रयोग करून दाखवला. शाळांचे असे झाले. विद्यापीठांचे काय?

१६/
इथेच कथेला वळण मिळते. फील्ड कायदा सार्वजनिक शाळांना आणि द्विवार्षिक सामुदायिक महाविद्यालयांना लागू झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठ त्याच्या कक्षेबाहेर राहिले. शिवाय १८७९ च्या राज्यघटनेने या विद्यापीठाला व्यापक स्वायत्तता दिलेली आहे. त्याचा कारभार ‘रीजंट्स’ नावाचे नियामक मंडळ पाहते. राजकारण्यांनी प्राध्यापकांच्या नेमणुकांत आणि अभ्यासक्रमात ढवळाढवळ करू नये, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगला होता, पण त्याची सावली विटा-सिमेंटवरही पडली.

१७/
स्वायत्ततेचा अर्थ असा निघाला की बर्कले शहरात उभ्या राहणाऱ्या विद्यापीठाच्या इमारतीला बर्कले नगरपालिकेच्या परवानगीची गरज नाही. रीजंट्स विरुद्ध सांता मोनिका शहर या १९७८ च्या खटल्यात न्यायालयाने हे तत्त्व स्पष्ट केले: विद्यापीठाच्या बांधकामाला स्थानिक बांधकाम नियम आणि परवाना शुल्क लागू होत नाही. राज्याची बांधकाम संहिता विद्यापीठाला पाळावीच लागते. मात्र ती पाळली जाते की नाही, हे पाहणारा अधिकारी विद्यापीठाच्याच पगारावर असतो.

१८/
ही व्यवस्था वरवर पाहता विचित्र वाटते. शेत ज्याचे त्यानेच राखणदार नेमायचा, असाच हा प्रकार. पण तिच्या बाजूनेही बोलता येते. प्रयोगशाळा, अणुभट्ट्या, विषारी वायू, हजारोंची प्रेक्षागारे अशा गुंतागुंतीच्या इमारती तपासण्याची कुवत लहान नगरपालिकेकडे असेलच असे नाही. विद्यापीठाकडे तज्ज्ञ आहेत. खरा प्रश्न असा, की त्या तज्ज्ञाला आपल्याच वरिष्ठांना ‘नाही’ म्हणता येईल का? बर्कलेचा पुढचा इतिहास म्हणजे या प्रश्नाशी घातलेली झुंज.

१९/
बर्कलेला भूकंपाची ओळख जन्मापासूनची. विद्यापीठाची सनद मार्च १८६८ ची. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला हेवर्ड भ्रंशरेषेवर मोठा भूकंप झाला. ती आठवण ताजी असताना डेव्हिड फार्कर्सन या वास्तुविशारदाने ‘साउथ हॉल’ ही इमारत बांधली आणि तिच्या विटांच्या भिंतींत लोखंडी पट्ट्या गुंफल्या. १८७३ ची ती इमारत आजही उभी आहे. नियम नव्हता, निरीक्षक नव्हता. होती ती केवळ पाच वर्षांपूर्वीच्या धक्क्याची आठवण. पण आठवणीच्या भरवशावर शतकभर बांधकाम चालत नाही.

२०/
आठवण किती लवकर पुसट होते, याचा पुरावा त्याच आवारात आहे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांच्या स्मरणार्थ विद्यापीठाने भव्य क्रीडागार उभारले. नोव्हेंबर १९२३ मध्ये ते खुले झाले. डोंगराच्या कुशीतली रम्य जागा आणि रोमन थाटाची वास्तू. परंतु हेवर्ड भ्रंशरेषा नेमकी याच क्रीडागाराखालून, मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते. हजारो प्रेक्षकांना दर हंगामात भ्रंशरेषेवर बसवण्याची ही व्यवस्था पुढे जवळजवळ नव्वद वर्षे तशीच चालू राहिली.

२१/
हेवर्ड भ्रंशरेषेचे वैशिष्ट्य असे की ती दोन भूकंपांच्या मधल्या काळातही स्वस्थ नसते. वर्षाला काही मिलिमीटर इतक्या गतीने तिच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून सरकत राहतात. दशकानुदशकांच्या या सरकण्याने क्रीडागाराच्या भिंतींतील सांधे फुटाहून अधिक विलग झाले. भूशास्त्राचे विद्यार्थी ते पाहायला येत. ज्या भेगेवर वर्गात व्याख्यान होते, तिच्याच डोक्यावर शनिवारी सामना होतो, असा तो विरोधाभास होता.

२२/
९ फेब्रुवारी १९७१ रोजी सॅन फर्नांडोचा भूकंप झाला. नुकतेच बांधलेले एक रुग्णालय उद्ध्वस्त झाले आणि ‘नवे म्हणजे सुरक्षित’ हा समज पुन्हा एकदा मोडला. १९७२ मध्ये अल्क्विस्ट-प्रिओलो कायदा आला: सक्रिय भ्रंशरेषेवर माणसांच्या वापरासाठी नवी इमारत बांधायची नाही. जानेवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने स्वतःचे भूकंप-सुरक्षा धोरण स्वीकारले. बाहेरचा निरीक्षक लागू नसलेल्या संस्थेने स्वतःला बांधून घेतलेला हा पहिला दोर.

२३/
या काळात बर्कले हे भूकंप-अभियांत्रिकीचे जागतिक केंद्र बनत होते आणि त्या कथेत महाराष्ट्रही आहे. डिसेंबर १९६७ मध्ये कोयनानगरचा भूकंप झाला. कोयना धरणाचा आराखडा करताना धरणाच्या वजनाच्या ५ टक्के इतकाच आडवा भूकंपी भार गृहीत धरला होता. प्रत्यक्षात धक्का कितीतरी मोठा निघाला आणि धरणाच्या वरच्या भागात, जिथे त्याची जाडी एकदम कमी होते तिथे, भेगा पडल्या. बर्कलेचे प्राध्यापक अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रवर्ती यांनी कोयनेवर मिळालेल्या नोंदीच्या आधारे गणित मांडून त्या भेगा तिथेच का पडल्या ते दाखवले. जुन्या ठोकळ नियमांची मर्यादा त्यातून उघड झाली.

२४/
म्हणजे चित्र असे: सह्याद्रीतल्या धरणाच्या भेगेचा अर्थ लावणारे विद्यापीठ, आणि त्याच विद्यापीठाच्या आवारात भूकंपाला न टिकणाऱ्या कितीतरी इमारती. ज्ञान होते. १९७५ चे धोरणही होते. पण नव्या बांधकामाला देणगीदार मिळतात, इमारतीला त्यांचे नाव देता येते. भिंतीच्या पोटात पोलाद भरण्यासाठी देणगी मागायची तर दाखवायला काहीच नसते. धोरण आणि अंमलबजावणी यांमधली दरी बहुतेक वेळा पैशाची असते.

२५/
१७ ऑक्टोबर १९८९ रोजी लोमा प्रिएटाच्या भूकंपाने या दिरंगाईची किंमत दाखवली. स्टॅनफर्डमध्ये सुमारे १६ कोटी डॉलरचे नुकसान झाले. १९०६ नंतर पोलादाने सावरलेले चर्च पुन्हा बंद झाले, ते १९९२ मध्ये उघडले. संग्रहालय तर थेट १९९९ मध्ये पुन्हा सुरू झाले. यावेळी आवारात कोणी दगावले नाही, पण एक धडा मिळाला: इमारत पडली नाही तरी वर्षानुवर्षे बंद राहिली, तर शिक्षण आणि संशोधन यांचा कणा मोडतो.

२६/
१७ जानेवारी १९९४, पहाटे ४ वाजून ३१ मिनिटे. नॉर्थरिजच्या भूकंपात तिथल्या राज्य विद्यापीठाचे बहुमजली वाहनतळ कोसळले. त्याचे काँक्रीटचे खांब धनुष्यासारखे वाकले आणि ते छायाचित्र अभियांत्रिकीच्या पुस्तकांत अजरामर झाले. वाहनतळ जेमतेम काही वर्षांचे होते. त्याचा धडा अधिक बोचरा आहे. केवळ उभा भार पेलण्यासाठी योजलेल्या खांबांना इमारतीबरोबर आडवे किती झुकावे लागेल, याचा पुरेसा विचार तेव्हाच्या नियमांत नव्हता. निरीक्षकाच्या हातातली संहिताच अपुरी असेल, तर चोख तपासणीही कमी पडते.

२७/
१९९७ मध्ये बर्कलेने धाडस केले. कुलगुरू रॉबर्ट बर्डाल यांच्या कारकिर्दीत आवारातील इमारतींचे नव्याने मूल्यमापन झाले आणि निष्कर्ष जाहीर करण्यात आले: एकूण जागेपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक जागा ‘खराब’ किंवा ‘अतिशय खराब’ श्रेणीत. त्याच्या दुरुस्तीसाठी ‘सेफर’ नावाचा दीर्घ कार्यक्रम आखला गेला. खर्चाचा अंदाज अब्ज डॉलरच्या घरात होता आणि मुदत दोन दशकांची.

२८/
या निर्णयाचे मोल समजून घेतले पाहिजे. नगरपालिकेचा निरीक्षक नाही, राज्याच्या वास्तुविभागाचा शिक्का नाही. मग ‘नाही’ म्हणण्याची ताकद कुठून येणार? ती जाहीर यादीतून आली. आपला वर्ग ‘अतिशय खराब’ इमारतीत भरतो, हे विद्यार्थ्याला आणि त्याच्या पालकांना कळले की प्रशासनाला स्वस्थ बसता येत नाही. पुढे वास्तुशास्त्राच्या प्राध्यापिका मेरी कोमेरिओ यांनी २००० साली दाखवले की विद्यापीठातील संशोधनाचा मोठा वाटा मोजक्या इमारतींत एकवटलेला आहे. त्या पडल्या तर संपूर्ण प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेला फटका बसेल. सुरक्षेचा खर्च हा तोट्याचा नाही, हे त्यातून आकड्यांत मांडले गेले.

२९/
कामे झालीही. १९०७ ची हर्स्ट खाणकाम इमारत तिच्या पायापासून सोडवून रबर आणि पोलादाच्या थरांनी बनलेल्या गाद्यांवर बसवण्यात आली, म्हणजे खालची जमीन हादरली तरी वरची वास्तू सावकाश डोलेल. अनेक इमारतींना बाहेरून आडवे-तिरपे पोलादी आधार मिळाले. पण भ्रंशरेषेवरचे क्रीडागार अजून बाकी होते आणि तिथे प्रश्न केवळ अभियांत्रिकीचा राहिला नाही.

३०/
क्रीडागाराशेजारी खेळाडूंसाठी नवे केंद्र बांधण्याची योजना २००६ मध्ये पुढे आली. त्यासाठी ओकची जुनी झाडे तोडावी लागणार होती. डिसेंबर २००६ पासून आंदोलक त्या झाडांवर चढून बसले आणि सप्टेंबर २००८ पर्यंत बसून राहिले. बर्कले शहर, शेजारचे रहिवासी आणि पर्यावरणवादी न्यायालयात गेले. तिथे अल्क्विस्ट-प्रिओलो कायद्याचा काटेकोर कीस पडला. भ्रंशरेषेवरील जुन्या इमारतीत बदल करता येतात, पण त्यांचा खर्च त्या इमारतीच्या मूल्याच्या निम्म्याहून अधिक असता कामा नये. मग नवे केंद्र स्वतंत्र इमारत की जुन्या क्रीडागाराचाच विस्तार?

३१/
विद्यापीठाला अखेर परवानगी मिळाली आणि २०१० मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही त्याच्या बाजूने कौल दिला. मात्र हा खटला विद्यापीठाच्या हरण्या-जिंकण्यापेक्षा मोठा आहे. नगरपालिकेचा अधिकारी ज्या दारातून आत येऊ शकत नव्हता, त्या दारातून राज्याचा कायदा, नागरिक आणि न्यायाधीश आत आले. भ्रंशरेषा नेमकी कुठून जाते, केंद्राचा पाया तिच्यापासून किती दूर आहे, कोणता खर्च कशात मोजायचा, हे सारे विद्यापीठाला उघड सांगावे लागले.

३२/
क्रीडागाराचे नूतनीकरण सुमारे ३२ कोटी डॉलर खर्चून २०१२ मध्ये पूर्ण झाले. भ्रंशरेषेवर येणारे भाग उरलेल्या रचनेपासून वेगळे तोडले गेले. हे सुटे ठोकळे वाळू आणि प्लास्टिकच्या थरांवर ठेवलेले आहेत. उद्या जमीन आडवी सहा फूट आणि उभी दोन फूट सरकली तरी ठोकळा वळेल, सरकेल, पण त्यावरील माणसे तगतील, असा हिशेब आहे. १९२३ च्या चुकीची जागा बदलता आली नाही, म्हणून तिचे वागणे बदलण्यात आले.

३३/
आज कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रत्येक आवारात नियुक्त बांधकाम अधिकारी असतो. राज्याची बांधकाम संहिता लागू करणे हे त्याचे काम. अग्निसुरक्षेची सूत्रे राज्याच्या अग्निशमन अधिकाऱ्याच्या अखत्यारीत राहतात. मोठ्या प्रकल्पांचा भूकंपविषयक आराखडा प्रकल्पाशी संबंध नसलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा लागतो. इमारतींना एक ते सात अशा पातळ्या दिल्या जातात. तपासणी घरातल्या घरात राहिली, पण तिच्याभोवती बाहेरचे डोळे उभे करण्यात आले.

३४/
शंभर वर्षांचा हा प्रवास एका साध्या भेदावर येऊन थांबतो. १९०६ मध्ये तंत्र ठाऊक होते, पण ते मागणारे कोणी नव्हते. १९२७ मध्ये नियम कागदावर आला, पण ऐच्छिक होता. १९३३ मध्ये शाळांना स्वतंत्र निरीक्षक आणि त्याची शपथ मिळाली आणि मुले वाचली. विद्यापीठांनी स्वायत्ततेमुळे तो मार्ग टाळला. मग त्यांना जाहीर श्रेणी, बाहेरचे तज्ज्ञ आणि न्यायालय यांतून तेच स्वातंत्र्य पुन्हा, तुकड्यातुकड्यांनी, जमवावे लागले.

३५/
बांधकामाचा नियम दगडात नसतो. काँक्रीट ओतण्यापूर्वी सळ्या मोजणाऱ्या माणसात असतो आणि ‘हे काम थांबवा’ असे म्हटल्यावर त्याची नोकरी टिकते की नाही, यात असतो. स्टॅनफर्डच्या त्या घुमटाखाली विद्यार्थी नव्हते, हा पहाटेचा योगायोग. लाँग बीचच्या शाळा सुटल्या होत्या, हा संध्याकाळचा योगायोग. नॉर्थरिजचे वाहनतळ रिकामे होते, हाही तसाच. भूकंप कोणत्या प्रहरी यावा, हे माणसाच्या हाती नाही. तो दुपारी बारा वाजता आला तरी वर्गातली मुले घरी जातील अशी इमारत बांधणे, आणि ती तशीच बांधली आहे हे तिऱ्हाइताला तपासू देणे, एवढे मात्र त्याच्या हाती आहे.

(थ्रेड समाप्त)